हेझिंगमध्ये मुलगा गेला तर युनिव्हर्सिटीने फ्रॅटर्निटीला नेमकी काय शिक्षा करावी?

सरळरेषा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगा इथल्याच एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे आणि आता फ्रॅटर्निटी (ग्रीक अक्षरांच्या नावाचा, कॉलेजातल्या मुलांचा क्लब) जॉइन करायची म्हणतोय. त्याला हो म्हणायचं की नाही ते आम्ही घरात बघू (त्यावर सल्ले नकोत प्लीज, सासूबाईंकडून भरपूर मिळालेत). मला विचारायचंय ते हेझिंगच्या, म्हणजे क्लबात घेताना नव्या मुलांचा छळ करण्याच्या, शिक्षेबद्दल.

हे सगळं सुरू झालं ते पेन स्टेटच्या टिमथी पियाझाबद्दल वाचल्यावर. फेब्रुवारी २०१७, बीटा थीटा पाय नावाची फ्रॅटर्निटी, मुलगा १९ वर्षांचा. नवीन मुलांना घेतल्याची पार्टी, थोड्याच वेळात भरमसाठ दारू पाजली, रात्री अकराच्या सुमारास बेसमेंटच्या जिन्यावरून पडला. त्याला उचलून सोफ्यावर ठेवला, उलटी घशात अडकू नये म्हणून पाठीवर पुस्तकं भरलेली बॅग अडकवली, म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे त्यांना कळत होतं बरं का, आणि तरी ९११ ला फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या आसपास. जवळजवळ बारा तास! हे सगळं कळलं कारण हाउसमध्ये त्यांचेच सिक्युरिटी कॅमेरे होते. त्यातलंही बेसमेंटचं फुटेज एकाने डिलीट केलं होतं, ते पोलिसांनी परत मिळवलं.

पेन स्टेटने चॅप्टर (म्हणजे फ्रॅटर्निटीची त्या कॉलेजातली शाखा) कायमचा बंद केला. ठीक. पण कोर्टात मनुष्यवधासारखे मोठे आरोप एकेक करून गळत गेले आणि त्यावेळच्या दोन पदाधिकाऱ्यांना जेल झाली ती २०२४ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, आणि किती तर दोन ते चार महिने. मग मला असं वाटायला लागलं की कोर्टाचं जे व्हायचं ते होऊ दे, युनिव्हर्सिटीच्या हातात काय आहे? चॅप्टर बंद, मुलांना काढून टाकणं, सगळीच ग्रीक लाइफ (म्हणजे असे सगळेच क्लब) बंद करणं, वेगवेगळ्या कॉलेजांनी वेगवेगळं केलेलं दिसतं. यातल्या कशाचा खरंच उपयोग होतो? कोणाला आतून माहिती असेल तर लिहा.

खडूस_काका

उत्तर सोपं आहे, सगळं बंद करा. हँक न्यूअर म्हणून एक पत्रकार आहेत, त्यांनी आयुष्यभर हेझिंगच्या मृत्यूंची यादी ठेवली, त्यांच्या नोंदीप्रमाणे १९५९ ते २०२१ दरवर्षी अमेरिकेत निदान एक तरी मुलगा असा गेलाय. साठ वर्षं! साठ वर्षं एखादं यंत्र दरवर्षी माणूस मारत असेल तर आपण त्याला तेल घालत बसतो का भंगारात काढतो?

आणि बंद करता येत नाही वगैरे कोणी सांगू नका. विल्यम्स कॉलेजने १९६२ मध्ये ठरवलं, कोल्बीने १९८४ मध्ये, बोडनने १९९७ मध्ये. आल्फ्रेड युनिव्हर्सिटीने तर एक मुलगा गेल्यावर २००२ मध्ये निर्णय घेऊन टाकला. आजही ही कॉलेजं चालू आहेत, मुलं मित्र करतायत, नोकऱ्या लागतायत, माजी विद्यार्थी पैसेही देतायत. कोणाचं काही अडलं नाही. बाकी सगळं म्हणजे वेळकाढूपणा.

रात्रपाळी

काका, तुमच्या भावना पोचल्या पण तुम्ही घेतलेली नावं बघा, सगळी छोटी प्रायव्हेट कॉलेजं. दोन हजार मुलं, कॉलेजच घरं देणार, जेवण देणार, बोडनने तर फ्रॅट हाउसेस ताब्यात घेऊन त्यांची कॉलेज हाउसेस केली. ताईंचा मुलगा आहे स्टेट युनिव्हर्सिटीत. ती सरकारी संस्था, तिला घटनेतलं संघटना स्वातंत्र्य लागू होतं, एका चॅप्टरच्या गुन्ह्यासाठी सरसकट सगळ्यांना कायमचं बंद केलं तर दुसऱ्या दिवशी कोर्टात खेचतील. हार्वर्ड तर प्रायव्हेट आणि वर गडगंज, त्यांनी २०१६ मध्ये फक्त एवढंच म्हटलं की फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या क्लबात असाल तर कॅप्टनपद वगैरे मिळणार नाही, त्यावर दावे झाले आणि २०२० मध्ये निमूट मागे घ्यावं लागलं.

आणि बंद केल्यावर मुलं कुठे जातात हा खरा प्रश्न. कॅलिफोर्नियात चिको स्टेटचं प्रकरण शोधा. ची टाऊ नावाची फ्रॅटर्निटी, युनिव्हर्सिटीने तिची मान्यता आधीच काढून घेतलेली. कागदावर ती अस्तित्वातच नाही, पण घर तेच, पाटी तीच, नवी मुलं येतच होती. २००५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे कडाक्याच्या थंडीत, बेसमेंटमध्ये सांडपाण्यात उभं करून, अंगावर पंखे सोडून, एका मुलाला पाणी प्यायला लावलं. दारू नाही, साधं पाणी. इतकं की रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज आली आणि तो गेला. आता युनिव्हर्सिटी कोणाला शिक्षा करणार? जी संस्था तिने आधीच मारून टाकलीय तिला परत मारणार?

म्हणून मला बॅन हा शब्द ऐकला की जरा भीती वाटते. बॅन केल्यावर युनिव्हर्सिटीचे हात धुऊन होतात, ॲडव्हायझर नाही, तपासणी नाही, इन्शुरन्स नाही, आणि पोरं तिथेच.

प्लेज_नंबर_सात

इथे लिहू का नको असा विचार करत होतो, लिहितोच. मी अमेरिकेतच वाढलो, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कॉलेजात एका एशियन फ्रॅटर्निटीत होतो, नाव नाही सांगत. आमच्यात कोणी मेलं नाही पण ते आमच्या शहाणपणामुळे नाही, नशिबामुळे.

इथे बऱ्याच जणांना वाटतं की हे आपल्याकडच्या रॅगिंगसारखं आहे, सीनियर येऊन त्रास देतात. तसं नाहीये. इकडे मुलगा आपल्या पायाने जातो, फी भरतो, आणि प्रत्येक टप्प्याला त्याला विचारलं जातं की सोडायचंय का, दार उघडं आहे. तोपर्यंत सहा आठवडे झालेले असतात, बाकीचे मित्र सुटलेले असतात आणि बरोबरचे सहा जण तुझ्याकडे बघत असतात. कोण सोडणार? म्हणून "त्याने स्वतःच्या मर्जीने प्यायली" हा बचाव ऐकला की माझं डोकं फिरतं. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०१७ ला मॅक्स ग्रूव्हर गेला त्या रात्रीला त्यांनी नाव दिलं होतं 'बायबल स्टडी'. फ्रॅटर्निटीचा इतिहास नाहीतर ग्रीक अक्षरं विचारायची, चुकलं की घोट, आणि दारू कसली तर ९५ टक्के अल्कोहोल असलेली. त्याच्या रक्तात अल्कोहोल निघालं ०.४९५, म्हणजे गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या सहापट. यात मर्जी कुठे आली.

आता मूळ प्रश्न. तुम्ही सगळे दारूला आणि मारहाणीला शिक्षा काय यावर बोलताय. माझं म्हणणं आहे की सगळ्यात कडक शिक्षा फोन न करण्याला हवी. बघा, पियाझा बारा तास पडून होता. बरूक कॉलेजचा मायकल डेंग, २०१३, पाय डेल्टा साय, म्हणजे आमच्यासारखीच एशियन फ्रॅटर्निटी, पेन्सिल्वेनियातल्या पोकोनोज डोंगरांत भाड्याच्या घरात नेलं, डोळ्यावर पट्टी, पाठीवर वाळू भरलेली जड बॅग, आणि अंधारात बाकीच्यांनी त्याला पुन्हा पुन्हा जमिनीवर पाडलं. बेशुद्ध झाल्यावर काय केलं तर त्याचे कपडे बदलले, लक्षणं गूगल केली, फ्रॅटर्निटीच्या खुणा असलेल्या वस्तू लपवायला सांगितल्या, हॉस्पिटलला नेलं ते बऱ्याच उशिरा. दोन्हीकडे वेळेत ॲम्ब्युलन्स आली असती तर निदान वाचायची संधी तरी होती.

फोन का करत नाहीत हे मी सांगू शकतो. कारण त्या क्षणी तिथल्या वीस वर्षांच्या पोराला दोन गोष्टी दिसतात. फोन केला तर पोलीस येणार, चॅप्टर नक्की बंद, हाउस जाणार, मी म्हणजे चॅप्टर बुडवणारा. नाही केला तर बहुतेक वेळा झोपून उठतो की सकाळी. आणि खरंच बहुतेक वेळा उठतो, तोच तर घोळ आहे, आम्हीही दोनदा-तीनदा असंच "झोपू दे त्याला" म्हटलंय. आणखी एक, आमच्याकडे प्लेजचे (अजून सदस्य न झालेल्या नव्या मुलांचे) फोन दारातच गोळा करायचे, एका लाँड्री बास्केटमध्ये. तेव्हा वाटायचं की फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून असेल. आता कळतं की त्या घरातल्या सगळ्यात घाबरलेल्या सात जणांकडे फोनच नसायचा. मी डीन असतो तर बाकी काही असो नसो, प्लेजचा फोन काढून घेतला एवढ्या एका गोष्टीवर चॅप्टर सस्पेंड केला असता.

म्हणजे नियम असा हवा की फोन केलात तर चौकशी होईल पण फोन करणाऱ्याची आणि लगेच मदत मागणाऱ्या चॅप्टरची शिक्षा बरीच कमी, आणि लपवलंत, कपडे बदललेत, चॅट डिलीट केलेत, तर तिथे हजर असलेला प्रत्येक जण युनिव्हर्सिटीतून कायमचा बाहेर, ट्रान्सक्रिप्टवर नोंदीसकट. हे रश (नव्या मुलांची भरती) सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला तोंडावर सांगा.

सरळरेषा

बापरे. बास्केटचं वाचून पोटात गोळा आला. मनापासून लिहिलंत, धन्यवाद.

खडूस_काका

फोन केला म्हणून सूट? म्हणजे पोराला मरायला टेकवायचं आणि मग फोन करून सुटायचं. वा.

प्लेज_नंबर_सात

काका, सुटायचं कोण म्हणालं. ज्याने बाटली तोंडाला लावली त्याला सूट नाहीच. पण त्या घरात चाळीस जण असतात, त्यातल्या एकाने तरी घाबरून न जाता फोन उचलावा यासाठी काहीतरी हवं ना. पियाझाच्या नावाने पेन्सिल्वेनियात २०१८ ला जो कायदा झाला त्यातही मदत बोलावणाऱ्याला संरक्षण दिलंय, आणि तो कायदा व्हावा म्हणून झटलेत ते त्याचे स्वतःचे आईवडील.

मृण्मयी_जे

मी एका युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट कंडक्ट ऑफिसात (विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं खातं) काम करते (कुठल्या ते सांगत नाही, नोकरी प्रिय आहे). थोडं आतलं सांगते कारण वर सगळे "युनिव्हर्सिटीने करावं" म्हणतायत आणि आम्ही करतो ते कसं करतो ते कोणालाच माहीत नसतं.

पहिलं म्हणजे आमच्या हातात ना सर्च वॉरंट, ना शपथेवर साक्ष. आम्ही मुलांना ईमेल पाठवतो, या बोलायला. येतात, व्यवस्थित शर्ट घालून, बरेचदा वकील घेऊन, आणि चाळीसच्या चाळीस जण एकच वाक्य बोलतात, अगदी स्वल्पविरामासकट. ग्रुप चॅट तोवर उडालेला असतो. त्यात पोलिसांचा तपास चालू असेल तर ते म्हणतात तुम्ही थांबा, आमचे साक्षीदार बिघडवू नका. मग आम्ही तात्पुरतं सस्पेन्शन लावून बसतो आणि पालकांना वाटतं युनिव्हर्सिटी झोपलीय.

दुसरं, शिक्षेची मुदत. सरसकट चार-पाच वर्षं सस्पेंड करतात, त्यामागे हिशोब असा की आत्ताची सगळी बॅच पदवी घेऊन बाहेर पडेल, नवी मुलं येतील तेव्हा जुन्या सवयी शिकवायला कोणी उरलेलं नसेल. कागदावर छान. प्रत्यक्षात चॅप्टर परत उभा करायला कोण येतात तर तेच माजी ब्रदर (सदस्य), जुन्या गमती सांगत. पेन स्टेटचा तो बीटा थीटा पाय चॅप्टर २००९ ला बंद करून २०१० ला परत सुरू केलेला होता आणि वर हाउस म्हणे दारूमुक्त! एलएसयूने मॅक्स ग्रूव्हरनंतर फाय डेल्टा थीटाला निदान २०३३ पर्यंत बंदी घातली, ते मला त्यातल्या त्यात पटतं, १६ वर्षांत आठवणींची साखळी खरंच तुटते. फ्लोरिडा स्टेटने २०१७ मध्ये एक मुलगा गेल्यावर सगळी ग्रीक लाइफच थांबवली, मोठी बातमी झाली, आणि जानेवारीत टप्प्याटप्प्याने परत सुरू. त्या दोन-अडीच महिन्यांत नेमकं काय बदललं हे मला तिथल्या कोणी अजून सांगितलेलं नाही.

तिसरं, आणि हे ऑफिसात कोणी मोठ्याने बोलत नाही. युनिव्हर्सिटी खरी हलते ती स्वतःच्या खिशाला चटका बसला की. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन युनिव्हर्सिटीत २०२१ ला स्टोन फोल्ट्झला बूर्बनची अख्खी बाटली संपवायला लावली, तो गेला, युनिव्हर्सिटीने पाय कॅपा आल्फा कायमची काढून टाकली, आणि पुढे २०२३ ला त्याच्या घरच्यांना युनिव्हर्सिटीनेही जवळपास २९ लाख डॉलर दिले. एमआयटीचं जुनं प्रकरण तर आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. १९९७, फर्स्ट इयरचा मुलगा गेला, कॉलेज सुरू होऊन पाचच आठवडे झालेले; इतक्या लवकर तो फ्रॅटच्या हाती लागला कारण तेव्हा तिथे फर्स्ट इयरलाच थेट फ्रॅट हाउसमध्ये राहायला जाता यायचं, वसतिगृहात जागाच पुरेशी नव्हती. २००० साली एमआयटीने ६० लाख डॉलर मान्य केले, अध्यक्षांनी स्वतः चूक कबूल केली, आणि २००२ पासून फर्स्ट इयरच्या सगळ्यांना कॅम्पसवरच राहायचं असा नियम केला, त्यासाठी नवीन वसतिगृह बांधलं. माझ्या मते आजवर कुठल्याही युनिव्हर्सिटीने हेझिंगच्या मृत्यूनंतर केलेलं सगळ्यात कामाचं काम तेच. फ्रॅटर्निटीला शिक्षा म्हणून कोणी ते मोजत नाही, पण नवं कोवळं पोरगं पहिल्याच महिन्यात त्यांच्या हाती लागायचं बंद झालं, याच्याहून जास्त त्यांना काय लागणार?

अशीलाविना

वकील आहे, पण या विषयातली नाही, त्यामुळे थोडं जपून लिहिते.

एमआयटीच्याच प्रकरणात एक भाग राहिला. तिथे सरकारी वकिलांनी मुलांवर व्यक्तिशः खटला न भरता चॅप्टरवर मनुष्यवधाचा आरोप ठेवला होता. आणि चॅप्टरने काय केलं, तर स्वतःला विसर्जित केलं. आरोपीच नाही म्हटल्यावर कोर्टात उभं कोणाला करणार? चॅप्टर म्हणजे काय शेवटी, एक नाव, एक बँक खातं आणि चाळीस पोरं. शिक्षा झिरपून जाते.

म्हणून शिक्षा जिथे टिकते तिथे पकडायला हवं. एक म्हणजे नॅशनल संघटना (सगळ्या चॅप्टरांची देशपातळीवरची मूळ संघटना). डेंगच्या केसमध्ये २०१७ ला पेन्सिल्वेनियातल्या ज्यूरीने पाय डेल्टा साय या संघटनेलाच दोषी ठरवलं, असं क्वचित होतं. एरवी नॅशनलवाले काय करतात, आमच्या नियमावलीत हेझिंगला बंदी आहे, मुलांनी नियम मोडला, सबब मुलं आमची नाहीत, इन्शुरन्सही लागू नाही. दरवर्षी त्याच मुलांकडून ड्यूज (वर्गणी) मात्र घेतलेले असतात.

दुसरं घर. हे फ्रॅट हाउस बहुतेक ठिकाणी माजी सदस्यांच्या कंपनीच्या मालकीचं असतं, कॉलेजलगतची लाखो डॉलरची जागा. पियाझा कायद्यात हेझिंगमध्ये संस्था दोषी ठरली तर घर जप्त करायची तरतूद आहे. माझ्या मते त्या कायद्यातली खरी दातवाली गोष्ट तीच, त्यातल्याच सात वर्षांपर्यंतच्या जेलपेक्षाही. वीस वर्षांचा पोरगा जेलचा विचार करत नाही, पण पन्नाशीचा माजी ब्रदर आपल्या प्रॉपर्टीचा विचार नक्की करतो आणि मग तो स्वतः शनिवारी रात्री चक्कर मारतो. युनिव्हर्सिटीला जप्ती करता येत नाही हे मान्य, पण मान्यता देतानाच करार करता येतो की मृत्यू झाला तर दहा वर्षं हे घर विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचं नाही, कुठल्याही नावाने. रात्रपाळींचं ची टाऊचं उदाहरण बघा, तिथे घर तेच राहिलं म्हणून तर सगळं चाललं.

रात्रपाळी

अनुमोदन. घर काढा, निम्मं काम होतं. बाकी निम्मं भाड्याच्या एअरबीएनबीत होईल हेही खरं, पण प्रत्येक शनिवारी पोकोनोजला जाणं परवडत नाही पोरांना.

सरळरेषा

सगळ्यांचे खूप आभार. मी विचार करत होते तो बॅन की नो बॅन एवढाच, इथे येऊन प्रश्नच बदलला. एक शेवटचं मृण्मयींना: २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो फेडरल कायदा झाला ना, स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट, त्यात आता प्रत्येक युनिव्हर्सिटीला दोषी संस्थांची नावं वेबसाइटवर टाकावी लागतात असं वाचलं. मुलाच्या युनिव्हर्सिटीच्या रिपोर्टमध्ये त्याला आवडलेल्या फ्रॅटर्निटीचं नाव नाहीये. म्हणजे बरं समजायचं का?

मृण्मयी_जे

लगेच नाही. त्या यादीत चौकशी पूर्ण होऊन दोषी ठरलेल्याच संस्था येतात, चालू चौकशी दिसत नाही. आणि अजिबात नावं नसलेली मोठी युनिव्हर्सिटी दिसली तर मला उलट शंका येते, तिथे कोणी तक्रार घेतंय तरी का. ज्यांच्या यादीत पाच-सात नावं आहेत, काय केलं ते नीट लिहिलंय, तारखा आहेत, शिक्षा आहे, तिथलं ऑफिस निदान जागं आहे.

तुम्ही एक करा, कंडक्ट ऑफिसला सरळ ईमेल टाका आणि विचारा की या चॅप्टरवर सध्या तात्पुरतं सस्पेन्शन किंवा प्रोबेशन आहे का, आणि मागे कधी मान्यता काढून परत दिलीय का, दिली असेल तर किती वर्षांनी. पालकांना उत्तर द्यायला बरीच ऑफिसं टाळाटाळ करतात, पण मुलाने स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून विचारलं तर बहुतेक ठिकाणी सांगतात. आणि मुलालाच सांगा त्या ब्रदर लोकांना विचारायला की प्लेजच्या कार्यक्रमात फोन कोणाकडे असतात. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघू दे त्याला.

प्लेज_नंबर_सात

हो, हा प्रश्न विचारायलाच सांगा. आणि हसण्यावारी नेलं तर तिथूनच घरी.

खडूस_काका

मी अजूनही म्हणतो सगळं बंद करा. पण घराचा मुद्दा पटला.